भेगाळ खडकांतील जलप्रवाह
भेगाळ खडकांतील जलप्रवाह : कठीण खडकांतील भेगा, संधी व तडे यांच्यामधून होणारी भूजलाची हालचाल. वाळूच्या थरात पाणी कणांमधील पोकळ्यांतून झिरपते. ग्रॅनाइट व बेसाल्ट यांच्या अखंड, घट्ट भागातून मात्र ते जवळजवळ जाऊ शकत नाही. तेथे भेगा हाच पाण्याचा मुख्य मार्ग असतो.

या प्रवाहावर भेगेच्या रुंदीचा प्रभाव फार मोठा असतो. भेगेच्या भिंती गुळगुळीत व समांतर असून प्रवाह संथ असल्यास, ठराविक दाब-उताराखाली वाहणारे पाणी रुंदीच्या घनाच्या सम प्रमाणात असते. रुंदी दुप्पट झाली, तर प्रवाह आठपट होतो. म्हणजेच १ मिमी. रुंदीची एकच भेग ०·१ मिमी. रुंदीच्या, तेवढ्याच लांबीच्या १,००० भेगांइतके पाणी वाहून नेते. निसर्गात भेगांच्या भिंती खडबडीत असतात व काही ठिकाणी एकमेकींना टेकतात. त्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह कमी भरतो. भेगेत चिकणमाती, कॅल्साइट किंवा झिओलाइट साचल्यास तो आणखी घटतो.

भेगा परस्परांशी जोडलेल्या असणेही आवश्यक असते. इतर भेगांना न मिळणारी रुंद भेग पाणी पुढे नेऊ शकत नाही. भेगा एकाच दिशेच्या असल्यास पाणी त्या दिशेने सहज, तर आडव्या दिशेने कष्टाने वाहते. खोलीबरोबर वरील खडकांचा भार वाढून भेगा सामान्यतः मिटत जातात.

महाराष्ट्राचा सुमारे ८०% प्रदेश दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला असल्याने या गोष्टींना येथे विशेष महत्त्व आहे. येथील उथळ विहिरींना मुख्यतः मुरूम व त्याखालील भेगाळ खडक यांतून पाणी मिळते. जोडलेली भेग एका विहिरीस लागते व लगतच्या विहिरीस लागत नाही. म्हणून एकीला भरपूर पाणी असता दुसरी कोरडी राहू शकते. विंधण विहीर अधिक खोल नेल्याने पाणी वाढेलच, असे नाही. भेगांत पाणी वेगाने वाहत असले, तरी त्यांतील साठा अल्प असतो. त्यामुळे जास्त उपसा केल्यास पातळी झपाट्याने खाली जाते. तसेच रुंद भेगांत पाणी वाळूतल्याप्रमाणे गाळले जात नाही व सांडपाणी थोड्या काळात दूरच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. यासाठी विहिरीची जागा ठरविताना भेगांची दिशा, रुंदी व जोडणी यांची पाहणी करणे हितावह ठरते.