हॉकीची राखीव फळी

हॉकीच्या सामन्यात एका संघाचे अकरा खेळाडू मैदानावर उतरतात. पण संघाची खरी ताकद केवळ या अकरांत नसते. एखादा खेळाडू जखमी झाला, तर त्याच्या तोडीचा दुसरा खेळाडू तयार असावा लागतो. अशा खेळाडूंच्या गटाला 'राखीव फळी' म्हणतात. भारतीय हॉकीला उतरती कळा का लागली, हे या राखीव फळीकडे पाहिले की चांगले समजते.

१९२८ ते १९५६ या काळात भारताने ऑलिंपिकमध्ये सलग सहा सुवर्णपदके मिळवली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकपूर्वी एक सराव सामना झाला. त्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. तेव्हा भारतातून अली दारा यांना बोलावण्यात आले. ते विमानाने उपांत्य सामन्याआधी पोहोचले. अंतिम सामन्यात ध्यानचंद यांच्या संघाने त्याच जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. त्यांपैकी दोन गोल दारा यांचे होते. ज्या देशात असा खेळाडू घरी राहिलेला असतो, त्याचा संघ किती भक्कम असेल, याचा विचार करा!

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि खेळाडूही वाटले गेले. दारा १९४८ साली पाकिस्तानचे कर्णधार झाले. अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान यांनी १९४८ साली भारताकडून सुवर्णपदक मिळवले. १९५६ साली त्यांनीच पाकिस्तानकडून रौप्यपदक मिळवले. अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे परदेशी गेली. जबलपूरच्या पीअर्स कुटुंबातील पाच भाऊ ऑस्ट्रेलियाकडून खेळले.

तरीही आपला संघ लगेच कोसळला नाही. १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्ध उपांत्य सामन्यात भारत एका गोलने मागे होता. शेवटची काही मिनिटे उरली असताना बदली खेळाडू म्हणून भोपाळचे अस्लम शेर खान मैदानात आले. त्यांनी बरोबरीचा गोल केला. पुढे भारताने तो सामना आणि विश्वचषकही जिंकला.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, माँट्रियल ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम हिरवळीवर हॉकी खेळली गेली. भारत सातव्या क्रमांकावर राहिला. आपली मुले मातीच्या व गवताच्या मैदानावर शिकत होती. कृत्रिम मैदान फार महाग असते. युरोपातील देशांनी अशी मैदाने झपाट्याने तयार केली. आपल्याकडे ती मोजकीच होती. त्यामुळे नव्या पद्धतीने खेळू शकणारे खेळाडू थोडेच तयार झाले. १९८० साली मॉस्कोत सुवर्णपदक मिळाले खरे, पण अनेक बलाढ्य संघ तेथे आलेच नव्हते. २००८ साली तर भारत ऑलिंपिकसाठी पात्रही ठरला नाही.

पुढे मैदाने वाढली, प्रशिक्षण सुधारले आणि २०२१ व २०२४ साली भारताने कांस्यपदके मिळवली. मित्रांनो, झाडाची पाने पिवळी पडतात, त्याच्या कितीतरी आधी मुळांना पाणी कमी पडलेले असते. तुमच्या शाळेचा संघ निवडला जाईल, तेव्हा अकरा नावे वाचून थांबू नका. बारावा खेळाडू कोण आहे आणि त्याला सरावासाठी मैदान मिळते का, हेही विचारा.