आनंदवृक्षाची साल आणि सह्याद्रीतला नरक्या

दक्षिण चीनमध्ये वाढणाऱ्या एका उंच झाडाला तिथले लोक ‘शी शू’ म्हणतात. शी शू म्हणजे आनंदाचे झाड. चिनी वैद्यकात ते पूर्वापार औषधी मानले जाते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रयोगशाळेत १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्यातून ‘कॅम्प्टोथेसिन’ हे द्रव्य वेगळे काढले. वाणी जन्माने नंदुरबारचे, शिकले मुंबई विद्यापीठात.

कर्करोगावरचे औषध म्हणून या द्रव्याने सुरुवातीला निराशाच केली. ते पाण्यात विरघळेना. मग त्याचा क्षार करून रुग्णांना दिला, तर मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. १९७०च्या दशकात चाचण्या थांबल्या.

ते पेशीत नेमके कुठे घाव घालते, हे १९८५ मध्ये उलगडले. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते, तेव्हा त्याच्या दोन पदरांना पीळ बसतो. ‘टोपोआयसोमरेज-१’ हे विकर एक पदर कापते, पीळ सोडवते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागीच ठाण मांडते आणि सांधा जुळू देत नाही. नक्कल करत येणारी यंत्रणा तिथे आदळते, दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या कर्कपेशींना हा तडाखा जास्त बसतो.

मर्म कळल्यावर रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे घडवण्यात आली. धूम्रपानाशी घट्ट नाते असलेला, झपाट्याने पसरणारा लघुपेशी फुप्फुसाचा कर्करोग पहिल्या उपचारानंतर उलटला, तर टोपोटेकान देतात. अमेरिकेने त्यासाठी १९९८ मध्ये मान्यता दिली. मात्र या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावे लागते.

हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतही आहे. गोविंदाचारी आणि विश्वनाथन या शास्त्रज्ञांना ते १९७२ मध्ये नरक्या नावाच्या झाडात सापडले. दुर्गंधी फुलांच्या या झाडाला मग परदेशातून मागणी आली आणि घाटातली झाडे बेसुमार तोडली गेली.

शी शू किंवा नरक्याची साल घरी उकळून कर्करोग बरा होत नाही. काढ्यात विषारी द्रव्य किती उतरले, हे घरी मोजता येत नाही. कुठलाही काढा घेत असाल, तर आपल्या कर्करोगतज्ज्ञाला आधी सांगा. आणि रानात नरक्या दिसला, तर त्याला उभा राहू द्या.