दीड टक्का अंधार
(दूरच्या सूर्यांचे ग्रह : लेखांक ६)

मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याचे डोलणे मोजले आणि त्यावरून त्याच्याभोवती फिरणारा ग्रह ओळखला, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. त्या शोधाला एक संशय चिकटून राहिला होता. ताऱ्याचा वर्णपट मागेपुढे सरकतो हे कबूल, पण तो ग्रहामुळेच सरकतो कशावरून? ताऱ्याचा पृष्ठभागच स्पंदन पावत असेल तर? डेव्हिड ग्रे यांनी १९९७ मध्ये हा आक्षेप जाहीरपणे मांडला आणि नवी निरीक्षणे हाती आल्यावर पुढच्या वर्षी तो प्रामाणिकपणे मागे घेतला. तरी एक उणीव उरलीच होती. असे ग्रह एकामागून एक सापडत होते, पण प्रत्येकाचा पुरावा म्हणजे ताऱ्याचे डोलणे, एवढाच. खुद्द ग्रहाची खूण कोणाला दिसलेली नव्हती.

ती मिळवण्याचा एक मार्ग होता. ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत आली, तर प्रत्येक फेरीत ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून सरकेल आणि तेवढा वेळ ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होईल. यालाच अधिक्रमण म्हणतात. ८ जून २००४ रोजी शुक्राचे अधिक्रमण महाराष्ट्रातून दिसले, ते अनेक वाचकांना आठवत असेल. त्या दिवशी सूर्याच्या तेजाचा जेमतेम हजारावा भाग झाकला गेला होता. दूरच्या ताऱ्याचे बिंब तर मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतही केवळ ठिपका दिसते. म्हणून तिथे काळा डाग शोधायचा नसतो, ठिपक्याचे तेज रात्रभर मोजत राहायचे असते.

१९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील बोल्डर येथे डेव्हिड शार्बोनो आणि टिमोथी ब्राउन यांनी हेच केले. शार्बोनो तेव्हा हार्वर्डमध्ये संशोधक विद्यार्थी होते. त्यांची दुर्बीण फक्त १० सेंटिमीटर व्यासाची होती. अशा दुर्बिणी आज आपल्याकडच्या कित्येक हौशी निरीक्षकांजवळ आहेत. निवडलेला तारा होता एचडी २०९४५८. तो साडेतीन दिवसांच्या तालात डोलतो, हे आधी कळले होते. त्यामुळे ग्रह केव्हा पुढे येईल, याचा अंदाज बांधता येत होता. ९ सप्टेंबरच्या रात्री ताऱ्याचे तेज सुमारे दीड टक्क्याने उतरले आणि तीनेक तासांनी पूर्ववत झाले. दोन फेऱ्यांनंतर, १६ सप्टेंबरला, पुन्हा तेच घडले. नोव्हेंबरमध्ये ग्रेग हेन्री यांनीही स्वतंत्रपणे त्याच ताऱ्याचे तेज उतरताना टिपले. डोलण्यावरून मांडलेले गणित आणि प्रकाशातली घट यांची वेळ जुळली. ग्रह होता, याबद्दल आता वाद उरला नाही.

माझ्या मते अधिक्रमणाचे खरे मोल इथून पुढे सुरू होते. प्रकाश किती टक्के घटला, यावरून ग्रहाने बिंबाचा केवढा भाग झाकला ते कळते. ताऱ्याचा आकार माहीत असेल तर त्यावरून ग्रहाची त्रिज्या निघते. डोलण्यावरून मिळते ते वस्तुमान. पण कक्षा किती कललेली आहे हे ठाऊक नसल्यामुळे त्या पद्धतीने ‘कमीत कमी एवढे’ इतकेच म्हणता येते. अधिक्रमण दिसले, की कक्षा जवळजवळ कडेवरून दिसते आहे हे ठरते आणि वस्तुमान पक्के होते. वस्तुमान आणि त्रिज्या हाती आली, की घनता मिळते. एचडी २०९४५८ चा ग्रह गुरूपेक्षा हलका, पण आकाराने मोठा निघाला. त्याची घनता पाण्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. म्हणजे तो वायूचाच गोळा आहे आणि ताऱ्यापासून अवघ्या ७० लाख किलोमीटरवर राहून तापून फुगला आहे. तो किती फुगला याचे पूर्ण स्पष्टीकरण मात्र सहज सापडले नाही. तो प्रश्न पुढे वर्षानुवर्षे संशोधकांना गुंतवून राहिला.

याहून पुढची पायरी मला विलक्षण वाटते. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून गाळून आपल्याकडे येतो. वातावरणातला वायू स्वतःच्या ठरावीक रंगाचा प्रकाश शोषतो, म्हणून त्या रंगात ग्रह किंचित मोठा भासतो. हबल दुर्बिणीने याच ग्रहाकडे पाहिले आणि २००१ मध्ये त्याच्या वातावरणात सोडियम असल्याचे जाहीर झाले. आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा जो रंग, नेमक्या त्याच रंगात ती घट होती. सुमारे १६० प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहाच्या हवेतला एक घटक माणसाने ओळखला होता.

हे सगळे इतके सोपे होते, तर आधी का झाले नाही? खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्येच एका छोट्या लेखात सुचवले होते, की मोठे ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळही असू शकतील आणि त्यांची अधिक्रमणे मोजता येतील. पण गुरूसारखा ग्रह दूरच असणार, त्याच्या एका फेरीला बारा वर्षे लागणार, ही समजूत घट्ट होती. साधनांइतकीच ही समजूत आड आली, असे मला वाटते.

पृथ्वीएवढा ग्रह शोधणे मात्र खरोखरच कठीण. तो सूर्यासारख्या ताऱ्याचा दहा हजारावा भागही झाकत नाही. त्यातही अशा दोनशे ग्रहांपैकी एखाद्याचीच कक्षा आपल्या रेषेत येते. विल्यम बोरुकी यांनी नासाकडे अशा शोधासाठी अवकाश दुर्बिणीचा प्रस्ताव पुन्हा पुन्हा मांडला. तो चार वेळा फेटाळला गेला. एवढी सूक्ष्म घट मोजता येते, हे त्यांनी प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखवले. मार्च २००९ मध्ये केप्लर दुर्बीण अवकाशात गेली आणि सुमारे दीड लाख तारे चार वर्षे न्याहाळत राहिली. तिने २६०० हून अधिक ग्रह दिले. त्यांत पृथ्वीपेक्षा मोठे आणि नेपच्यूनपेक्षा लहान असे पुष्कळ निघाले. आपल्या सूर्यमालेत या आकाराचा एकही ग्रह नाही.

प्रत्येक घट ग्रहामुळेच होते असे नाही. एकमेकांना झाकणारे दोन तारेही तसाच आभास निर्माण करतात. म्हणून संशयित ग्रहाचे वजन जमिनीवरून तपासावे लागते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील अभिजित चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी माउंट अबू येथील १.२ मीटर दुर्बिणीवर ‘पारस’ हा वर्णपटमापक बसवून केप्लरने सुचवलेला असा एक ग्रह तपासला. २०१८ मध्ये त्याचे वस्तुमान जाहीर झाले : पृथ्वीच्या सुमारे २७ पट. हे काम भारतात, भारतात बांधलेल्या उपकरणाने झाले, याची दखल आपल्याकडे पुरेशी घेतली गेली नाही.

सूर्यमालेबाहेरील ज्ञात ग्रहांची संख्या सप्टेंबर २०२५ मध्ये ६००० झाली. त्यातले बहुसंख्य अधिक्रमणातून सापडले आहेत. हा आकडा वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, की ही पद्धत ताऱ्याजवळचे आणि मोठे ग्रह आधी पकडते. ज्यांच्या कक्षा आपल्या रेषेत नाहीत, ते तिला दिसतच नाहीत.

आता ज्यांच्याकडे आठ इंची दुर्बीण आणि चांगला कॅमेरा आहे, त्यांना एक विनंती. एचडी २०९४५८ महाश्वाच्या चौकोनाच्या पश्चिमेला आहे. ऑक्टोबरअखेर रात्री आठच्या सुमारास तो मुंबई-पुण्याच्या जवळपास डोक्यावर असतो, आणि काळोख्या जागेवरून साध्या द्विनेत्रीतही दिसतो. अधिक्रमणांच्या वेळा आधी वर्तवलेल्या असतात. रात्री येणारी एखादी वेळ निवडा, शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांशी तुलना करत त्याचे तेज पाच तास मोजा आणि आलेख काढा. एकट्याने जमणार नसेल तर तुमच्या गावच्या खगोल मंडळाला सोबत घ्या.