बारशाला लागलेली सत्तावीस वर्षं

8 सप्टेंबर 1991 रोजी मॅसिडोनियात युगोस्लाव्हियापासून वेगळं होण्यासाठी सार्वमत झालं, तेव्हा सुमारे 76 टक्के मतदार मतदानाला आले. 30 सप्टेंबर 2018 रोजी त्याच देशाच्या नावाबाबतच्या करारावर सार्वमत झालं, तेव्हा आले जेमतेम 37 टक्के. देश वेगळा करायला लोक हौसेनं आले. नाव सोडायला निम्म्याहून जास्त घरीच राहिले.

नाव सोडायचं कारण शेजारी होतं. ग्रीसच्या उत्तरेकडच्या प्रांताचं नावही मॅसिडोनियाच. आपण ज्याला सिकंदर म्हणतो, त्याचा वारसा आमचा, आणि आज नाव घेणारे उद्या जमीन मागतील, असं ग्रीसचं म्हणणं. म्हणून 8 एप्रिल 1993 रोजी संयुक्त राष्ट्रांनी या देशाला 181वा सदस्य करून घेतलं ते तात्पुरत्या नावानं: ‘पूर्वीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया’. ज्या संसारातून बाहेर पडले, त्याचंच नाव कपाळी. सभागृहात बसवायचं कुठे, हाही पेच होता. जागा इंग्रजी वर्णक्रमानं; ‘एम’खाली बसवायला ग्रीस तयार नव्हता, ‘फॉर्मर’च्या (म्हणजे ‘पूर्वीचं’च्या) ‘एफ’खाली बसायला मॅसिडोनिया. अखेर इंग्रजी नावाच्या आरंभीच्या ‘द’ या उपपदामुळे ‘टी’ धरला गेला आणि खुर्ची थायलंडशेजारी लागली. हे ‘तात्पुरतं’ जवळपास 26 वर्षं टिकलं.

त्याच युगोस्लाव्हियातून निघालेल्या मॉन्टेनेग्रोकडे पाहा. मे 2006च्या सार्वमतात 55 टक्क्यांची अट होती, कौल मिळाला 55.5 टक्के, तरीही 38 दिवसांत तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. नावावर कुणाचाच आक्षेप नव्हता.

मॅसिडोनियाला मात्र नावाची किंमत मोजावी लागली. 1994 मध्ये ग्रीसनं व्यापारबंदी लादली. 1995च्या करारात झेंड्यावरचा सोळा किरणांचा सूर्य उतरवावा लागला. 2008 मध्ये नाटोचं दार ग्रीसनं अडवलं. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 15 विरुद्ध 1 मतानं ठरवलं की दार अडवून ग्रीसनं 1995चा तो करार मोडला. दार तरीही बंदच राहिलं.

17 जून 2018 रोजी प्रेस्पा सरोवराकाठच्या प्साराडेस या ग्रीक गावात करार झाला. मॅसिडोनियाचे पंतप्रधान झोरान झाएव होडीतून सरोवर ओलांडून सहीच्या समारंभाला आले. नवं नाव ठरलं: उत्तर मॅसिडोनिया. भाषा मात्र ‘मॅसिडोनियन’च राहणार होती, आणि माझ्या मते या करारातली ती सर्वांत मोठी मिळकत होती.

आता त्या 37 टक्क्यांकडे नीट पाहू. मतदारयादीत सुमारे 18 लाख 6 हजार नावं होती. 2021च्या जनगणनेत देशात राहणारी माणसं भरली 18 लाख 37 हजार, तान्ह्या मुलांसह! म्हणजे यादीतले कित्येक मतदार पोटापाण्यासाठी परदेशी गेलेले. सार्वमत वैध ठरायला निम्म्या यादीनं, म्हणजे नऊ लाखांहून जास्त जणांनी यायला हवं होतं. आले सुमारे 6 लाख 66 हजार. देशातल्या पाचातला एक अल्पवयीन धरून उरलेल्यांवर हिशेब केला, तर मतदान 45 टक्क्यांच्या आसपास जातं. यादी फुगलेली होती हे खरं, पण यादी सुधारूनही निम्मा आकडा गाठता येत नाही. मत देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘हो’ म्हटलं, कारण ‘नाही’वाल्यांनी बहिष्काराची हाक दिली होती. शिवाय मतपत्रिकेवरच्या प्रश्नात युरोपीय संघ आणि नाटोचा उल्लेख होता, नवं नाव नव्हतंच. ज्यांचं नाव बदलायचं, त्यांना ते सरळ विचारायला हवं होतं.

मग निर्णय संसदेकडे गेला. 11 जानेवारी 2019 रोजी 120 पैकी 80 मतं हवी होती, पडली 81. दोन आठवड्यांनी ग्रीक संसदेनं 300 पैकी 153 मतांनी करार मान्य केला. इकडे एक मत जादा, तिकडे दोन.

12 फेब्रुवारी 2019 पासून नवं नाव लागू झालं आणि लगोलग सीमेवरच्या पाट्या बदलल्या. संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची थायलंडशेजारून उठून नायजेरिया आणि नॉर्वेच्या मध्ये आली. मार्च 2020 मध्ये नाटोचं सदस्यत्व मिळालं. त्याच वर्षी युरोपीय संघाच्या वाटेवर बल्गेरिया आडवा आला, इतिहास आणि भाषेच्या मुद्द्यावर.

मे 2024 मध्ये नव्या राष्ट्राध्यक्ष गोर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोवा यांनी संसदेत शपथ घेताना देशाचं नाव ‘मॅसिडोनिया’ एवढंच उच्चारलं. समारंभाला आलेल्या ग्रीसच्या राजदूत तिथून निघून गेल्या.