अळी दिसली, म्हणून लगेच फवारावे काय?

दिवाळीनंतर कोबी-फ्लॉवरची रोपे वाडीत लागली की आमच्याकडे विचारणा सुरू होते, "फादर, पानांना भोके पडली, कोणते औषध मारू?" औषध कोणते, हा प्रश्न दुसरा होय. ते मारायचे की नाही व केव्हा, हा पहिला.

कोबीचा मुख्य शत्रू चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याची फिकट हिरवी अळी जेमतेम एक सेंटिमीटर लांब असते. स्पर्श होताच ती वळवळते व धाग्याला लोंबकळते. ठरल्या वारी फवारण्याची सवय किती महाग पडते, हे हिनेच जगाला दाखविले. १९५३ साली जावा बेटावर ती डीडीटीला जुमानत नसल्याचे नोंदले गेले आणि पुढे एकामागून एक औषधे तिने पचविली. उबदार हवेत तिची पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. प्रत्येक फवाऱ्यातून जगलेल्यांचीच संतती वाढते. तिच्यावर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या मात्र मरतात.

१९५९ साली कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञांनी ह्यावर हिशेबाचा मार्ग सुचविला. होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाइतके होण्याच्या बेतात येईल, तेव्हाच हात उचलावा. ह्या मर्यादेला आर्थिक नुकसानीची संकेत पातळी म्हणतात. गड्डा धरू लागताना झाडामागे सरासरी दोन अळ्या, ही आपल्याकडील शिफारशींत आढळणारी मर्यादा. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी वाडीत नागमोडी फिरून वीसेक झाडांची पाने उलटून पाहावीत व अळ्या मोजाव्यात. बांधावरून पाहिलेली भोके हिशेबात धरू नयेत. ती कदाचित जुनी असतील.

पिकाची अवस्थाही पाहावी. कोवळ्या रोपाचा शेंडा खाल्ला गेल्यास गड्डाच धरत नाही. नंतर बाहेरची पाने वाढत असताना थोडी भोके झाड सहज सोसते. गड्डा धरू लागला की पुन्हा डोळ्यांत तेल घालावे. पानांवर जाळीदार कोष दिसला तर तो किडीचा. तांदळाच्या कणीसारखा घट्ट पांढरा कोष मात्र बहुधा त्या मित्र गांधीलमाशीचा. असे कोष पुष्कळ असतील तर चार दिवस थांबून पुन्हा मोजावे. थांबणे जिवावर येते, हे आम्ही जाणतो. कर्ज काढून लावलेल्या वाडीत पंप खाली ठेवणे सोपे नसते.

मर्यादा ओलांडलीच, तर प्रथम निंबोळी अर्क अथवा बीटी हे जिवाणूजन्य औषध वापरावे. बीटी पोटात गेल्यावरच काम करते आणि उन्हाने निकामी होते. म्हणून अळ्या लहान असतानाच, सायंकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. अळी लगेच मरत नाही, पण खाणे थांबविते. दुसऱ्या सकाळी ती जिवंत दिसली म्हणून घाईने दुसरे औषध मारू नये. पुढील हंगामासाठी बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा उपाय ध्यानात ठेवावा : कोबीच्या दर पंचवीस ओळींच्या दोन्ही बाजूंस मोहरी लावली की पतंग तिच्याकडे ओढले जातात.

पोप फ्रान्सिस ह्यांच्या २०१५च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात कीटकनाशकांचा उल्लेख प्रदूषणाच्या प्रकरणातच येतो. आपली भाजी कोणाच्या ताटात पडेल, ते आपणांस ठाऊक नसते. म्हणून रासायनिक औषध मारावेच लागले, तर डब्यावर दिलेले फवारणी ते काढणीमधील दिवस मोजावेत, आणि उद्या बाजार असला तरी ते पुरे होईपर्यंत गड्डा कापू नये.