महाविद्यालयीन माजी विद्यार्थी संघाची नोंदणी : कायदेशीर स्वरूप आणि उत्तरदायित्व

प्रस्तावना :
राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने 2017 च्या सुधारित आराखड्यात 'नोंदणीकृत' माजी विद्यार्थी संघाविषयी विचारणा केली, तेव्हापासून अशा संघाच्या नोंदणीचा प्रश्न महाविद्यालयांपुढे ठळकपणे आला. हे काम बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे सोपविले जाते आणि प्रमाणपत्र हाती आले की ते संपले असे समजले जाते. वास्तविक सार्वजनिक पैशाविषयीची जबाबदारी त्या दिवसापासून सुरू होते. महाराष्ट्रातील नोंदणीची प्रक्रिया आणि नंतरची कर्तव्ये यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

1. दोन कायदे, दोन नोंदण्या :
महाराष्ट्रात अशा संघाला दोन कायदे लागू होतात. पहिला संस्था नोंदणी अधिनियम, 1860. या कायद्यानुसार किमान सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था स्थापन करू शकतात. दुसरा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950. 2012 पासून याच्या नावात 'मुंबई'ऐवजी 'महाराष्ट्र' हा शब्द आला. धार्मिक किंवा धर्मादाय हेतूने 1860 च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था ही दुसऱ्या कायद्याच्या व्याख्येनुसार सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था ठरते. त्यामुळे तिला कलम 18 अन्वये विहित मुदतीत स्वतंत्र अर्ज करून दुसरी नोंदणी घ्यावी लागते. दोन्ही अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या अधिपत्याखालील कार्यालयातच होत असल्याने ही एकच नोंदणी असल्याचा समज होतो. तथापि दोहोंचे क्रमांक व परिणाम वेगळे आहेत. विश्वस्त व्यवस्था म्हणून संस्थेला मिळणाऱ्या क्रमांकाआधी 'एफ' हे आद्याक्षर असते.

पहिल्या नोंदणीने संस्थेला कायदेशीर ओळख मिळते. मात्र ती कंपनीसारखी पूर्ण निगमित संस्था होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या तिबिया महाविद्यालयाविषयीच्या खटल्यात 1961 साली स्पष्ट केले. दुसऱ्या नोंदणीने संस्थेची मालमत्ता शासकीय देखरेखीखाली येते. ही नोंदणी नसलेल्या विश्वस्त व्यवस्थेच्या वतीने हक्क बजावण्यासाठी केलेला दावा न्यायालयात चालू शकत नाही, असे कलम 31 सांगते.

2. उद्दिष्टांची मांडणी :
केवळ सभासदांचे स्नेहमेळावे भरविणे हे धर्मादाय उद्दिष्ट होत नाही. 1950 च्या कायद्याच्या कलम 9 मध्ये गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयुक्ततेची अन्य कार्ये यांचा समावेश आहे. म्हणून गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, ग्रंथालयास साहाय्य, मार्गदर्शन वर्ग अशी लोकोपयोगी उद्दिष्टे ज्ञापनात स्पष्ट शब्दांत असावीत. पुढे ती बदलणे सोपे नाही. 1860 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार त्यासाठी महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा घेऊन दोन्हींत तीन-पंचमांश बहुमत मिळवावे लागते.

3. ज्ञापन व नियमावली :
ज्ञापनात संस्थेचे नाव, उद्दिष्टे आणि कार्यकारी मंडळाच्या सदस्यांची नावे, पत्ते व व्यवसाय द्यावे लागतात. नियमावलीची प्रत मंडळाच्या किमान तीन सदस्यांनी प्रमाणित करावी लागते. व्यवहारात दुसऱ्या संस्थेची नियमावली उतरवून घेण्याकडे कल असतो. भविष्यातील वादांचे बीज तेथेच रुजते. पुढील बाबी नियमावलीत निःसंदिग्ध असणे आवश्यक आहे :
(अ) सभासद कोण होऊ शकतो, वर्गणी किती व सभासदत्व केव्हा संपते;
(आ) सभेची सूचना किती दिवस आधी व कोणत्या मार्गाने द्यावी;
(इ) गणसंख्या, मंडळाची मुदत व निवडणुकीची पद्धत;
(ई) बँक खात्यावर कोणाच्या सह्या चालतील;
(उ) विसर्जनानंतर उरलेली मालमत्ता कोणत्या समान हेतूच्या संस्थेकडे जाईल.
शेवटच्या बाबीस कायद्याचाच आधार आहे. कलम 14 नुसार विसर्जित संस्थेची शिल्लक सभासदांत वाटता येत नाही.

4. नोंदणीनंतरची कर्तव्ये :
सर्वाधिक दुर्लक्ष येथे होते. कलम 22 नुसार नोंदवहीतील कोणत्याही तपशिलात बदल झाल्यास 90 दिवसांच्या आत बदल अहवाल सादर करावा लागतो. प्राचार्य हे संघाचे पदसिद्ध अध्यक्ष असतील, तर ते निवृत्त झाल्यावर नव्या प्राचार्यांची नोंद परिशिष्ट एकमध्ये आपोआप होत नाही. असे दोन-तीन बदल नोंदविले गेले नाहीत, तर कागदोपत्री विश्वस्त एक आणि प्रत्यक्ष कारभार करणारे दुसरे अशी स्थिती उद्भवते. त्यानंतर बँक खात्यावरील सह्या बदलणे, सभा बोलावण्याचा अधिकार सिद्ध करणे अथवा मतदारयादी मान्य करून घेणे, प्रत्येक गोष्ट वादग्रस्त ठरते.

दरवर्षी हिशेबांचे लेखापरीक्षण करून अहवाल सादर करणे बंधनकारक आहे. स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा दान यांसाठी, तसेच बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी कलम 36 अन्वये पूर्वपरवानगी लागते. कर्तव्यात कसूर करणाऱ्या विश्वस्तास कलम 41-ड नुसार निलंबित वा पदच्युत करता येते.

संघ ही महाविद्यालयाच्या मातृसंस्थेहून भिन्न संस्था असते, हेही ध्यानात ठेवावयास हवे. म्हणून तिचे बँक खाते, स्थायी खाते क्रमांक व हिशेबवह्या स्वतंत्र असाव्यात.

5. देणग्या व परदेशस्थ माजी विद्यार्थी :
वरील दोन नोंदण्यांमुळे करसवलत मिळत नाही. तिच्यासाठी आयकर कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते व 2021 पासून ती मुदतीची असल्याने नूतनीकरण करावे लागते. परदेशातून येणाऱ्या देणगीबाबत दात्याचे नागरिकत्व महत्त्वाचे ठरते. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान मानली जात नाही. परंतु ज्याने अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, 2010 च्या कक्षेत येते. त्या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती स्वीकारता येत नाही.

निष्कर्ष :
1) महाराष्ट्रात माजी विद्यार्थी संघाला दोन स्वतंत्र नोंदण्या आवश्यक आहेत.
2) उद्दिष्टे व नियमावली संघाच्या प्रत्यक्ष गरजेनुसार तयार करावी.
3) प्रत्येक निवडणूक वा पदबदलानंतर बदल अहवाल सादर करण्याची जबाबदारी एका पदाधिकाऱ्याकडे नावानिशी सोपवावी आणि त्याची पोच इतिवृत्तासोबत जतन करावी.
4) मूल्यांकनाच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा दरवर्षी लेखापरीक्षणाबरोबरच परिशिष्ट एकची अद्ययावत प्रत मिळवून पडताळून पाहावी. शिष्यवृत्तीसाठी दिलेला पैसा विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेल, हा देणगीदाराचा विश्वास या नोंदींच्या अचूकतेवर अवलंबून आहे.