लेण्यांचा पक्का पत्ता : अक्षांश-रेखांश नोंदवायला शिका

महाराष्ट्रात अनेक ठिकाणच्या बौद्ध लेण्यांना लोक सरसकट ‘पांडवलेणी’ म्हणतात. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांनाही हेच नाव चिकटले. नाव बदलते, पाटी बदलते; पण डोंगरातली जागा बदलत नाही. ती जागा अंकांत नोंदवण्याची पद्धत म्हणजे अक्षांश-रेखांश. लेणी संवर्धनाचे काम करणाऱ्या प्रत्येक तरुणाला ती यायलाच हवी, असे आम्हाला वाटते.

विषुववृत्तापासून एखादे ठिकाण उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंशांवर आहे, हे अक्षांश सांगतो. ग्रिनिचच्या मूळ रेखावृत्तापासून ते पूर्वेला किंवा पश्चिमेला किती अंशांवर आहे, हे रेखांश सांगतो. एका अंशाचे ६० भाग म्हणजे मिनिटे. कार्ले लेणी सुमारे १८ अंश ४७ मिनिटे उत्तर, ७३ अंश २८ मिनिटे पूर्व येथे आहेत. मिनिटांना ६० ने भागले की मोबाइलवर दिसणारे दशांश अंक मिळतात : १८.७८, ७३.४७. आधी अक्षांश, मग रेखांश हा क्रम पाळा. उलटे लिहिले तर कार्ले थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाईल!

दशांशानंतर किती अंक लिहायचे, यालाही महत्त्व आहे. दोन अंकांनी जागा साधारण एक किलोमीटरपर्यंतच कळते. चार अंकांनी ती सुमारे ११ मीटरपर्यंत, तर पाच अंकांनी सुमारे एका मीटरपर्यंत नेमकी सांगता येते.

ही नेमकेपणाची गरज कायद्यामुळेही आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहे. ‘लेण्यांजवळ बांधकाम सुरू आहे’ एवढ्या तक्रारीवर ‘जवळ म्हणजे कुठे?’ असा प्रश्न येतो. लेण्यांचे आणि बांधकामाचे अंक, तारीख व फोटो सोबत जोडले, तर अंतर कोणालाही तपासता येते.

नोंद घेताना लेण्याच्या आत नव्हे, बाहेर मोकळ्या आकाशाखाली उभे राहा. खडकाखाली उपग्रहाचा सिग्नल नीट मिळत नाही. नकाशाच्या अॅपमध्ये आपल्या जागेवर बोट दाबून धरले की अंक दिसतात. थोडे थांबून दोन-तीनदा तपासा आणि वहीत उतरवा. सोबत गाव, तालुका, लेण्यांची संख्या, पाण्याची टाकी, शिलालेख यांचीही नोंद करा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. उघड्यावर पडलेल्या मूर्ती किंवा शिल्पांचे अंक समाजमाध्यमांवर टाकू नका. चोरांनाही तोच पत्ता मिळतो. अशी माहिती लेखी स्वरूपात पुरातत्त्व विभागाला द्या आणि पोहोच घ्या.

पुढच्या लेणी भेटीत फोटोसोबत हे दोन अंकही घेऊन या. आपला वारसा आपणच नोंदवू या.

जय भीम! नमो बुद्धाय!